दोन बोटं खाली

देवळाली कॅम्पात, लॅम रोडच्या आतल्या बोळात
भेळवाल्याच्या पाठीमागं आमचं निकुंभ टेलर्स.
सासरे गेले तेव्हा माझ्याकडं मशीन आलं
आणि एक पत्र्याचा डबा:
फिती, तारे, पलटणींची कापडी चिन्हं,
लाल-निळ्या दोऱ्यांची रिळं
आणि न्यायला कुणीच न आलेली सतरा नावं,
काळ्या प्लास्टिकवर पांढरी.

हळूहळू शिकले.
हवालदाराच्या तीन फिती, टोक खाली.
टोक वर गेलं की माणूस दुसऱ्याच देशाचा होतो.
टाका असा घालायचा की बाही धुतली, पिळली,
खडकावर घासत रांगली तरी चिन्ह हलू नये.
आणि माप टेपनं नाही, बोटांनी,
खांद्याच्या शिवणीपासून.
सासऱ्यांची बोटं जाडजूड होती.
माझ्या हाती मशीन आल्यापासून
अख्खी छावणी केसभर वर सरकली असेल,
कुणी बोललं नाही.

रंगरूट पोरांना बिल्ला जुना हवा असतो.
कोऱ्या पितळेची लाज वाटते त्यांना.
बाकावर बसून ब्रासो लावलावून
तोफेच्या चाकाचे आरे सपाट करतात,
सहा महिन्यांत दहा वर्षांची नोकरी.
मी हसते, म्हणते, अरे, बोटं झिजू दे आधी.

दौलत गायधनींचा मात्र खराच झिजला होता.
‘सर्वत्र’वरचा रफार गेला होता,
खालची अक्षरं तर चाचपूनच कळायची.
पळशाचा माणूस. चोवीस वर्षं तोफेमागं,
डाव्या कानानं कमी ऐकायचा.
पेन्शनीत आल्यावर गणवेश उसवायला आणला नाही,
म्हणाला, राहू दे तसाच, ट्रंकेत.

यंदा शिमग्यानंतर आला
आकाशी रंगाचे दोन शर्ट घेऊन.
अंबडला गोदाम आहे, रात्रपाळी.
सोबत एजन्सीचं चिन्ह, छापील गरुड,
मागं गोंद, चोच थोडी सोललेली.
मी सवयीनं शिवणीवर बोटं ठेवली.
तो म्हणाला, दोन बोटं खाली घ्या, वहिनी.
कोरा शर्ट, कोरी बाही,
वर काहीच नव्हतं.
मी विचारलं नाही. दोन बोटं खाली घेतलं.

आठवड्यानं परत.
सुपरवायझर म्हणतो, गरुड खाली बसलाय,
फोटोत सगळ्यांचा एका ओळीत पाहिजे.
ऑर्डर आहे, वर घ्या.
आवाजात राग नव्हता,
ऑर्डर म्हणताना टाचा तेवढ्या जुळल्या,
चपलेतच.

उसवताना मी वेळ लावला.
तो दाराकडं पाठ करून उभा.
तेवढ्यात रेंजवर तोफ डागली,
डब्यातली बटणं किणकिणली,
कपाटाची काच थरथरत राहिली.
चांगल्या कानानं ऐकून तो म्हणाला, एकशे पाच.
मग दुसरी. मग बराच वेळ काही नाही.
तिसरीला उशीर करतायत पोरं, म्हणाला.

गरुड वर लावला.
खालच्या जागेवर सुईची भोकं राहिली,
चौकोनी, बारीक.
म्हटलं, एकदोन धुण्यांत बुजतील.
तो म्हणाला, घाई नाही.