सहकर्जदाराची सही

सायबर कॅफेवाल्याने विचारलं, वडिलांचा व्यवसाय?
यादी उघडली: नोकरी, व्यापार, शेती, निवृत्त, इतर.
बोर्ड रंगवणारा कुठेच नव्हता.
अप्पा मागून म्हणाले, इतर टाक.
तीन अक्षरं, काना नाही, मात्रा नाही,
गिऱ्हाइकाला स्वस्तात पडतं.

भांडुप स्टेशनपासून मुलुंड चेकनाक्यापर्यंत
एके काळी निम्मी दुकानं त्यांच्या अक्षरात बोलायची.
मग फ्लेक्स आलं.
आता ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात उभे असतात,
रंग लागलेला नसतो, तरी बुडवून ठेवलेले.

फिजिओथेरपीची चार वर्षं, हॉस्टेल नाही धरलं तरी
साडेसात लाख.
आई दारातून ऐकत होती.
साडेसात नको गं, म्हणाली, आकडाच वाईट.
सात चाळीस माग.
मी सात चाळीस टाईप केलं,
वरचे दहा हजार शनिमहाराजांवर सोडले.

आधारवर बालकृष्ण, रेशनकार्डावर बाळकृष्ण.
नोटरीने पाचशेच्या स्टँपवर लिहून दिलं
की हे दोन्ही इसम एकच आहेत.
अप्पांनी ते दोनदा वाचलं.
पहिल्याला ळ नाही बिचाऱ्याला, एवढंच म्हणाले.

ळ म्हणजे त्यांची खासियत.
पिंपळकर सराफांच्या पाटीवरचा अजून शाबूत आहे,
खाली मोबाईलचं दुकान झालं तरी.

बँकेत कुरियन मॅडमनी सह्या ताडून पाहिल्या.
जुळत नाहीत.
एकीत ळची गाठ सैल, दुसरीत आवळलेली,
तिसरीत पाताडेच्या मात्रेला शेपूट.
आता मॅडमना काय सांगणार?
जन्मभर ज्याने प्रत्येक अक्षर
आधीच्याहून बरं काढायचा हट्ट धरला
त्याला तेच अक्षर तसंच काढता येईना.

मॅडम वाईट नव्हत्या.
सराव करा, म्हणाल्या, गुरुवारी या.
आणि हप्त्यांची काळजी नको, शिक्षण संपून वर्षभर मोरॅटोरियम आहे.
जिन्यात अप्पांनी बोटांवर मोजलं:
सहा अक्षरं. चार फुटी पत्रा लागेल.

रात्री भांडी आवरल्यावर मी मास्तरीण.
अप्पा, भरभर करा.
अप्पा, अक्षराकडे बघू नका,
बँकेला नाव नकोय, खूण हवीय.
साठ सह्या झाल्या.
साठ बाळकृष्ण, एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही.
मग त्यांनी चष्मा काढून ठेवला.
न बघता केली, वाकडी आली.
पुन्हा केली.
तशीच वाकडी.
जमलं, मी ओरडले.
ते काही बोलले नाहीत,
बोटांची शाई लुंगीला पुसत राहिले.

गुरुवारी सतरा ठिकाणी तीच सही.
मॅडम म्हणाल्या, आता कशी बरोबर.

आज एकविसावा दिवस.
अर्ज प्रक्रियेत आहे, असं मोबाईल म्हणतो,
कालही म्हणत होता.
अप्पांनी दारावरची पाटी उतरवून घासली,
नवा हात दिला.
पाताडे, पिवळ्यावर निळं, सावलीसकट.
त्याखाली माझं नाव, शलाका,
पण नुसतं पेन्सिलीने.

रंग कधी भरणार, मी विचारलं.
मंजुरी येऊ दे, म्हणाले.
पेन्सिल पुसता येते.