डब्यातला पहारेकरी

कन्नमवार नगर, इमारत एकशे एकेचाळीस.
जिन्याखालच्या पाइपचे पितळी कॉक
महिन्यात तिसऱ्यांदा गेले,
तेव्हा सेक्रेटरी पाध्ये म्हणाले, तू त्यातला माणूस,
कॅमेऱ्याचं बघ काहीतरी. फंडात खडखडाट आहे.

त्यातला म्हणजे,
पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये सोल्डरिंग गन
मोजून घेणारा, मोजून ठेवणारा.
लॅमिंग्टन रोडला मन्सूरभाईंकडून नऊशेला घेतलेला
काच तडकलेला फोन होता घरी.
त्यातलं कंपनीचं सगळं खरवडून
लिनक्स घातलं होतं हौसेनं,
जुन्या ट्रंकेला आतून नवा कागद लावावा तसं.
फोन लागत नव्हता कुणालाच.
पण डोळे दोन होते: एक पाठीला, एक तोंडाला.

पहारा देणारं सॉफ्टवेअर डब्यात येतं.
डबा म्हणजे डबाच, घट्ट झाकणाचा.
त्याचं तेलमीठ त्याच्यापाशी,
बाहेरचं घर त्याला ठाऊक नाही.
कॅमेरा हवा तर हातात नेऊन द्यायचा:
हा घे व्हिडिओ दोन, आणि हे परवानगीचं पत्र.
तरी तो म्हणायचा, कॅमेरा नाही.
नऊ रात्री म्हणाला.
मग कळलं, फोनचा डोळा चित्र देत नाही,
नुसता कच्चा उजेड ओततो.
कुणीतरी मध्ये बसून तो निवडावा, पाखडावा लागतो.
असा एक पाखडणारा डब्याबाहेर बसवला
आणि दहाव्या रात्री पॅसेज दिसला.
हिरवा, उलटा,
छताला चपला लटकलेल्या.

“इतका वेळ डब्यात काय भरतोयस?” ताईनं विचारलं.
“नजर.”
“माझ्या डब्यातली भेंडी तशीच परत आणलीस,” ती म्हणाली.

ताई दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीहून आली.
एक बॅग, एक मिक्सर.
का ते मी विचारणार होतो.

शनिवारी फोन खिडकीच्या गजाला रबरबँडनं बांधला,
पाठ पॅसेजकडे, तोंड घरात,
आणि निवांत झोपलो.
रात्री कधीतरी तो तापला, मेला, आपला आपण उठला,
आणि उठताना
दोन डोळ्यांचे नंबर बदलून बसला.

सकाळी नोंदी उघडल्या.
चोर नाही. पॅसेज नाही. आमचीच खोली.
१:०४ खुर्ची, सत्तर टक्के.
१:४० खुर्ची.
२:२५ खुर्ची, एक्क्याऐंशी टक्के.

त्या भिंतीशी आमच्याकडे खुर्ची नाही.

मोठं करून पाहिलं.
ट्रंकेवर ताई बसली होती, गुडघे पोटाशी,
इतकी न हलता
की यंत्रानं तिला सामानात धरलं.
मी जमिनीवर आडवा. माझ्यापुढे काहीच लिहिलं नव्हतं,
झोपलेला माणूस त्याला ओळखता येत नाही.

३:१२ व्यक्ती.
ती उठली. कडी काढली.
उघड्या दारात चार मिनिटं उभी राहिली,
उंबऱ्याच्या आतच.
मग दार लोटून घेतलं, माझा पंखा एकनं कमी केला
आणि भेंडी चिरायला बसली.

पाध्येंना सांगितलं, यंत्र अजून कच्चं आहे.
नोंदी सात दिवसांनी आपसूक पुसल्या जातात,
ते दिवस मी वाढवले नाहीत.
फोनही फिरवला नाही.
त्या रात्री एकला उठलो, दोन कप चहा ठेवला,
ट्रंकेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो.
काय बोलावं सुचेना.
चहावर साय धरली.
शेवटी तीच बोलली, मिक्सरबद्दल,
तो कुणी घेतला होता, कुणाच्या पैशानं,
आणि भांडं कशानं चेपलं.

सकाळी पाहिलं:
१:१० खुर्ची, खुर्ची.
१:३२ व्यक्ती, खुर्ची.
१:३३ व्यक्ती, व्यक्ती.

कॉक त्याच रात्री चौथ्यांदा गेले.