दर खाटेमागे

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत
मी चौथ्या मजल्यावरची बेल वाजवतो.
गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट.
दार चार बोटं उघडतं.
"पालिकेच्या कामाचं आहे. दंडाचं काही नाही.
नुसतं मोजायचंय."
आत कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद करतो.

"किती जण राहता?"
"सहा."
मी सहा लिहितो.
चपलांना खोटं बोलायचं सुचलेलं नाही,
दाराबाहेर तेरा जोड.
फ्रिजमध्ये दह्याच्या डब्यांवर चिकटपट्टी लावून नावं:
शिबू, तौसीफ, लामा, पुन्हा तौसीफ (छोटा).

पुढचा रकाना: कुटुंब की बॅचलर?
इथल्या भाषेत बॅचलर म्हणजे
ज्याची बायको समुद्रापलीकडे आहे तो.
दोन पोरांचा बाप, एका नातवाचा आजा,
सगळे बॅचलर.
वरच्या सोसायटीच्या फाटकावर पाटी आहे,
यांना तिथे घर मिळत नाही.

खाट क्रमांक चार.
रात्री तिच्यावर टेकबहादूर झोपतो, हॉटेलच्या लाँड्रीतला.
दिवसा इस्माईल नाखवे, हर्णैचा,
कार्गोच्या गोदामात रात्रपाळी.
चौदा महिने एकाच गादीवर, आणि भेट फक्त शुक्रवारी.
एकाचं उसं तिथे दुसऱ्याचं पायतं,
असं त्यांनी न बोलता ठरवून टाकलंय.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
पसरतो की, इस्माईल म्हणतो,
फक्त आधीच्याची ऊब जाईपर्यंत
जरा कडेला पडून राहायचं.

मी भरतो: खाट एक, माणसं दोन.
टॅब्लेट लाल होतो.
चूक. पुन्हा तपासा.

ऑफिसात सातव्या मजल्यावर
काचेखाली दोन हजार चाळीस सालचं शहर आहे.
फोमच्या इमारती, स्पंजची झाडं,
आणि नव्या नोकऱ्यांचे पिवळे ठिपके,
चाळीस हजार.
घरभाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्शात बसलं
तर ते परवडणारं, असं सूत्र आहे.
इस्माईलचा तिसरा हिस्सा मी काढून पाहिला.
त्यात खिडकी येत नाही.
उरलेले दोन हिस्से हर्णैला जातात.
तिथे त्याच्या नावावर चार खोल्या,
फरशीवर अजून कंत्राटदाराचा कागद,
राहतात दोघी, आई आणि बायको,
तिन्हीसांजेला एकाच खोलीत दिवा लावतात.
समुद्र धरून सरासरी काढली
तर घरांचा प्रश्न केव्हाच सुटलाय.

मुन्तसिर, आमचा सुदानी साहेब,
लाल ओळ बराच वेळ बघत राहिला.
त्याचं ओमदुरमानचं घर आता कुणाच्या ताब्यात आहे
ते आम्ही विचारत नाही.
"एक रकाना वाढव," तो म्हणाला,
"किती वाजता मोजलं, त्याचा."
मग स्वतःशीच,
"नकाशा नेहमी दुपारचा का असतो?"

रकाना वाढला. वरच्यांनी तो मान्य केला की नाही
हे अजून कळलेलं नाही.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पहाटेचे साडेपाच.
टेकबहादूर उठून चादरीच्या सुरकुत्या
हातानं सारख्या करत होता, जणू हॉटेलातलीच खाट.
इस्माईल नुकताच आलेला,
अंगाला पुठ्ठ्याचा वास, हातात कडक चहा.
मी त्याला आराखडा दाखवला,
मेट्रोची रेघ, कामगारांसाठी नवी वस्ती,
खोलीत चारच खाटा, प्रत्येकीला दिवा.
त्यानं डोळे बारीक करून पाहिलं.
वस्तीबद्दल काही विचारलं नाही.
पिवळ्या ठिपक्यांवर बोट ठेवून म्हणाला,
"ह्या चाळीस हजारांत
एखादी दिवसपाळी आहे का, बघ ना जरा."

आणि गादीच्या कडेला टेकला,
ऊब जायची वाट बघत.