सहावी वाटी

शनिवारी शाळा सकाळची.
प्रज्वल बाराला आला, दप्तर बाजेवर फेकून
थेट मागच्या अंगणात.
शालिक मिस्त्री, म्हणजे माझा नवरा,
त्या दिवशी कोणाच्याच भिंतीवर चढलेला नव्हता.
खुंट्या ठोकून, दोरा ताणून
मेथीसाठी जमीन अशी आखत होता
की जणू उद्या वर स्लॅबच पडणार आहे.

"अवो, भाजी लावाची हाय, घर नाई बांधाचं."
"मंग वाकडं काऊन ठेवाचं?"
दातात दोरा धरूनच तो म्हणाला.

दिवाळी होऊन गेली होती.
काळी माती वरून भेगाळलेली, आतून ओली,
पावड्याला चिकटून वर यायची, सुटायची नाही.
वाफ्यांना किनार फुटक्या कवेलूंची.
आचलनं एकेक कवेलू उभं रोवलं,
उपटलं, पुन्हा रोवलं,
बाप दोऱ्याकडे बोट दाखवत उभा.
मामंजी बाजेवर बसून
सांबाराचे दाणे चपलेखाली रगडत होते.
"अख्खा दाणा पेरला का बसा मंग वाट पाहात."

रात्री सगळ्यांच्या तळहातांना तेल.
प्रज्वलला चार फोड, त्यानं ते सगळ्यांना दोनदा दाखवले.

रविवारी चौथा वाफा,
न्हाणीचं पाणी जिरतं तिथं, धोप्यासाठी.
प्रज्वलनं सब्बल मारली आणि खण्ण वाजलं.
"गुप्तधन!"
मग पोरं हातांनीच उकरायला लागली.

निघाली एक वाटी. स्टीलची.
काठाला पोचा, पोटात माती घट्ट.
मी ती बादलीत बुडवली, अंगठ्यानं घासली,
तर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं वर आली:
चि. मंदाला, मामाकडून.

शालिकच्या हातातला दोरा ढिला पडला.

चौदा वर्षं.
सहा वाट्यांतली सहावी.
हिच्यासाठी मी माझ्या जावेची, निर्गुणाबाईंची, ट्रंक
चार बायकांदेखत उघडली होती.
तुमच्या माहेराले वाट्या नाईत काय,
असं काहीसं बोलले होते.
काहीसं नाही. हेच बोलले होते.
मग चूल वेगळी झाली,
मग अंगणात मधोमध भिंत आली.
शालिकनंच बांधली, ओळंबा लावून.
अजून तिला तडा नाही.

"कोनं पुरली असन, आई?" आचलनं विचारलं.
कोणीच नाही, पोरी.
इथंच बसून राखेनं भांडी घासायचो आम्ही,
मी आणि त्या, एकाच घंगाळातलं पाणी घेऊन.
चिखलाला काय, वाटी दिसली की गिळतो.
मामंजी बोलले नाहीत.
चपलेखाली दाणे नव्हते,
तरी पाय रगडत राहिले.

दुपारी वांग्याची भाजी, भाकर.
आम्ही पाच जणं, पाच वाट्या.
पुरल्या.
इतकी वर्षं पुरतच आल्या होत्या.

संध्याकाळी पाणी दिलं.
वाफ्यांत पाणी जाताना सरळच गेलं,
शालिकनं मान हलवली, स्वतःशीच.
उरलेलं सांबाराचं बी मी त्या वाटीत ओतलं
आणि विटांवर उभी राहून भिंतीवर ठेवलं,
तिकडच्या काठाला.
हाक मारायची होती.
"निर्गुणा" इतपत ओठांपर्यंत आलीही,
पण त्यांच्याकडे टीव्ही लागलेला होता,
कोणी तरी हसत होतं.
मी खाली उतरले.

सोमवारी पहाटे पाहिलं.
वाटी तिथंच, बी नाही.
चिमण्यांनी खाल्लं असेल, म्हटलं,
उघड्यावरचं बी चिमण्यांचंच.
पण चिमण्या
वाटी धुऊन पालथी घालून ठेवत नाहीत.

शालिकला दाखवली. त्यानं बराच वेळ
वाटी सोडून भिंतीकडेच पाहिलं,
मग डबा घेऊन कामावर गेला.

सांबार उगवायला आठ-दहा दिवस लागतात.
रगडून पेरला असेल तर.
त्यांना ते माहीत आहे,
मामंजींनी आम्हा दोघींना एकाच दिवशी शिकवलं होतं.