डोळा भरताना

डॉक्टरीणबाईंनी कागदावर जबडा काढला,
त्यात एक टिकली.
गाठ काढल्या जागी एवढी चकती ठेवू, म्हणाल्या,
औषध तिथंच पाझरेल महिना-दीड महिना,
बाकी अंगाला फारसा पत्ताही लागणार नाही,
मग चकतीच विरघळेल.
नवीन आहे, अजून पारखतोय आम्ही. सही लागेल.

बेबीनंदानं विचारलं,
"साल किती खोल चिरसान?"

पुंजारामला बोलता येत नव्हतं,
नाही तर त्यानं सांगितलं असतं,
बाई, ही शेंदुरजन्याच्या नर्सरीतली,
हंगामात दिवसाला हजार डोळे भरते.

जंबेरीचा खुंट, पेन्सिलीएवढा.
जमिनीपासून वीतभर वर उलटा टी,
पात्याच्या पाठीनं साल हळूच उचलायची,
संत्र्याचा डोळा आत सरकवायचा, पट्टी गुंडाळायची.
खाली मूळ आंबट, तरी वर फळ कोणतं
ते या नखाएवढ्या तुकड्यानं ठरवायचं.

"पण आमी जीव ठेवतो," ती म्हणाली,
"तुमी जहर ठेवता."
डॉक्टरीणबाई पेन मिटत थांबल्या.
"हो. पण नेमकं."

नागपूर ते वरूड, एसटीच्या खिडकीशी
ती पन्नीचाच विचार करत राहिली.
तिच्या पट्ट्या ज्या पन्नीच्या,
तसल्याच पन्नीत हा चौकात उभा राहून
अठरा वर्षं खर्रा घोटत होता.
सुपारी, तंबाखू, चुना, तळहाताची ऊब,
आणि गालाचा एकच कोपरा, डावा.
रोज थोडं थोडं,
तिथंच पाझरत.
नेमकं.

आता सूज उतरली आहे.
एकविसाव्या दिवशी तिचा हात आपोआप गेला त्याच्या गालाकडे,
हिरवा तर लागला, काळा तर गेला,
आणि मधेच थांबला.
इथं फोटो निघणार तीन महिन्यांनी.
घाईनं सोडलेली पट्टी डोळा मारते,
हे तिनं किती पोरींना शिकवलंय.

तो पाटीवर लिहितो: काम दे.
ती पन्नीचं भेंडोळं त्याच्यापुढं ठेवते.
दरवर्षी तो पट्ट्या दातानं फाडायचा, टर्र टर्र,
सगळ्या वाफ्यांत ऐकू यायचं.

ती आत जाते,
कात्री शोधायला.