ताप असताना

पहिल्यांदा पेटला तेव्हा मी त्याच्यावर
काळ्या टेपचा तुकडा चिकटवला,
लॅबच्या फ्रीजची वायर बांधून उरलेला.
नखाएवढं पिवळं इंजिन झाकलं गेलं
आणि गाडी यावलपासून मुकाट आली,
बर्फाच्या डब्यात बावीस जणांचं रक्त घेऊन.

दुसऱ्यांदा सावद्याच्या गॅरेजवाल्यानं सेन्सर बदलला.
चार हजार दोनशे.
अकरा दिवस अंधार. बरं वाटलं.
बाराव्या दिवशी न्हावी फाट्यावर
टेपच्या कडेनं पुन्हा तीच हळद सांडलेली.

मग साडेसहाशेचं यंत्र मागवलं,
स्टिअरिंगखाली खोचायचं, मोबाइलवर वाचायचं.
पी शून्य एक सात एक.
म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी.
खाली 'पुसा' असं बटण होतं. पुसलं.
महिन्यात पाच वेळा पुसलं.
मी, जी रोज लोकांना सांगते
की रिपोर्ट फाडला म्हणून साखर उतरत नाही.

मग वही केली. तारीख, वेळ, किलोमीटर, ऊन.
सकाळी सहाला कधीच नाही.
हंबर्डी, सांगवी, जाताना कधीच नाही.
येताना, अकराच्या पुढे,
चव्वेचाळीस अंशांत केळीची पानं कडेनं करपतात तेव्हा.
आणि गॅरेजला मी गाडी न्यायची संध्याकाळी सातला,
गार झाल्यावर,
पाहुण्यांसमोर शहाणं वागणाऱ्या पोरासारखी.

हिवतापाचं रक्त ताप चढलेला असताना घ्यायचं,
हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

रविवारी भर बाराला
यावलहून आलेली गाडी बंद न करता
लिंबाखाली बॉनेट उघडलं.
समोरचे लोटूभाऊ फेगडे टोपी सावरत आले,
भुसावळच्या शेडमधून तेहतीस वर्षं इंजिनं ऐकून निवृत्त.
मी मोबाइल पुढे केला. त्यांनी पाहिलाही नाही.
'आधी आयक व बाई. मंग वाच.'
कुंपणाशी पडलेली ठिबकची नळी हातभर कापली,
एक टोक स्वतःच्या कानात, दुसरं माझ्या हातात.
'फिरव.'

फिरवली.
पट्ट्यापासून लांब, पंख्यापासून लांब,
दंडावर शीर चाचपते तशी, बोटाबोटानं.
बॅटरीपाशी काही नाही.
फिल्टरच्या डब्यापाशी काही नाही.
पार मागे, जिथे हात जेमतेम जातो आणि मनगट भाजतं,
तिथे ते 'थांब' म्हणाले
आणि नळी काढून माझ्या कानाला लावली.

स्स्स.
चोरून आत ओढलेला श्वास.

बोटभर रबर, क्लॅम्पच्या खाली चिरलेलं.
गार असताना ओठ मिटून,
तापलं की उघडं.
मी बोट ठेवलं, धाप थांबली.
काढलं, पुन्हा धाप.
तिसऱ्यांदा केलं ते नुसतं गंमत म्हणून.

चिरलेलं टोक कापून उरलेलं ओढून बसवलं, कसंबसं पुरलं.
नवी नळी सोमवारी. एकशे दहा रुपये.

'काय देऊ?' मी हात पुसत विचारलं.
उत्तर ओट्यावरून आलं, त्यांच्या बायकोचं:
'त्याह्यची साखर तपास. दोन वर्सं झाले,
आज करतो, उद्या करतो. पायाले मुंग्या येतात.'
लोटूभाऊंना एकाएकी
बॉनेटच्या बिजागरीत काहीतरी दिसलं.
'उद्या सहाला येते,' मी म्हटलं. 'उपाशी राहा.'

टेप सोलून काढला. डिंक राहिला,
त्यावर वाटेवरच्या जिनिंगचं कापूसतंतू.

सहाला गेले. सुई, पट्टा, दोन बाटल्या.
लोटूभाऊ ओट्यावर, बशीतून चहा ओढत,
माझ्याकडे न बघता म्हणाले,
'आता तं काही उपेग नाही. तू गाडी चालू कर,
कशी बोलते ते आयकू.'

मी त्यांची बाही वर सारली.
तीन महिन्यांची साखर सांगणाऱ्या तपासणीला
उपास लागत नाही,
हे मी त्यांना मुद्दामच सांगितलं नव्हतं.