सुगंध, एवढंच लिहिलंय

खेमचंद आता सिगारेट ओढत नाही.
सावद्याहून केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला जातो,
मागच्या खेपेला तिकडून एक डबी आणली,
बोटाएवढी, निळी, मोबाइलसारखी चार्ज होणारी.
बंदी आहे रे हिच्यावर, म्हटलं, तर हसला.
'धूर नी पेत मी आता, ताई. वाफ पेतो.
यात कायबी नीये. तूच पाय, तू शायेतली.'

शाळेतली नाही मी, ज्युनिअर कॉलेजातली.
प्रयोगशाळा परिचर. एकोणीस वर्षं
बाटल्या पुसते, उडालेली लेबलं पुन्हा लिहिते,
फुटलेल्या नळ्यांची नोंद ठेवते.
त्याच नोंदवहीच्या मागच्या पानावर
मी मधोमध रेघ मारली.

डावीकडे त्याची जुनी.
तंबाखू जळते तेव्हा जे जे निघतं ते:
डांबर, कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन,
अमोनिया, फॉर्मल्डिहाइड, कॅडमियम,
आर्सेनिक (आमच्याकडे ते कुलपात असतं
आणि किल्ली बोंडे सरांच्या जानव्याला),
ॲक्रोलीन, निकोटीन…
अजून किती, सर?
'हजारांत मोजतात, चारूबाई. पान पुरायचं नाही.'

उजवीकडे डबीवर छापलेलं:
ग्लिसरीन.
प्रॉपिलीन ग्लायकॉल.
निकोटीन.
बेंझोइक आम्ल.
सुगंध.
खाली सगळं कोरं. आणि त्या कोऱ्यावर
बोट ठेवून भाऊ म्हणतो, 'जिकलो ना?'

थोडा जिंकलाच. खोटं कशाला बोलू?
डांबर नाही. जळकं काही नाही.
सदऱ्याच्या खिशाला तो वास नाही,
सकाळचा खोकलाही हल्ली जरा उशिरा उठतो.

पण ग्लिसरीनला मी ओळखते.
काचेची नळी रबरी बुचात जाईना
की त्याचाच थेंब लावते.
थंडीत ओठ फुटले की आई आम्हाला तेच लावायची,
आम्ही चाटून टाकायचो, गोड म्हणून.
इतकं गरीब दुसरं काही नाही माझ्या फळीवर.
आणि तेच मी बारावीच्या पोरांना देते,
पोटॅशियम बायसल्फेटची चिमूट, परीक्षानळी, आच,
आणि पोरं तोंड फिरवतात, डोळे चोळतात,
कढईत तेल करपल्यासारखं.
ॲक्रोलीन.
डावीकडे मघाशी लिहिलं होतं तेच.
बाटलीत ते नव्हतं. आचेनं केलं.
डबीतली तार किती तापते
ते डबीवर कुठेच नाही.

निकोटीनला दोन्हीकडे गोल केला
आणि मधली रेघ ओलांडून दोन्ही गोल जोडले.
पान घाण झालं. नोंदवही सरकारी आहे.

राहिला सुगंध.
कसला, ते छापलेलं नाही, पण मला विचारायची गरज नाही.
जानेवारीत एक दिवस बोंडे सर हौसेनं करून दाखवतात:
आयसोअमाइल अल्कोहोल, ॲसेटिक आम्ल,
गंधकाम्लाचे दोन थेंब, गरम पाण्याचं पातेलं,
मग सगळं सोड्याच्या पाण्यात ओतायचं
आणि खोलीभर केळं.
विवऱ्या-निंभोऱ्याच्या पोरी, अंगणात घड बघत वाढलेल्या,
एकमेकींकडे बघून खुसखुसतात.
'बाई, हे आपलं केळं नीये. हे गोळीतलं केळं.'
सर नाराज होतात. दरवर्षी होतात.

काल खेप करून आला खेमचंद,
जेवला, ओट्यावर बसला, मला पाठ करून.
ढग खिडकीतून घरात आला,
पांढरा, गोड, कुणाचाच नसलेला.
मी वहीचं पान फाडावं की ठेवावं, याच विचारात होते.

आई खाटेवरून उठली.
भिंत धरत धरत मागच्या खोलीत गेली,
टांगलेल्या घडाला हात लावला,
अंधारात एकेक फणी चाचपली,
दाबून पाहिली.
बराच वेळ.

'हिरवेच हायेत सगळे,' ती म्हणाली.
'मंग पिकलं काय?'